माळ्यावरची मीटिंग

माळशेज घाटाचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात: हिरवे डोंगर, पांढरे धबधबे आणि त्यांच्याखाली ओरडणारी माणसं. मी गेले ती मार्गशीर्षात. धबधब्यांच्या जागी कातळावर नुसते काळे ओघळ उरले होते, गवत पिवळं पडलं होतं आणि एसटीच्या न लागणाऱ्या खिडकीतून गार वारा येत होता. ज्यांनी हा मुलूख पाहिलेला नाही त्यांनी तो असाच, हौशे-नवशे निघून गेल्यावर पाहावा.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात तीसेक वर्षं कॉम्प्युटर सायन्स शिकवते. शहापूर तालुक्यात शेणव्याजवळच्या एका शाळेतल्या बाई माझ्या ओळखीच्या आहेत. ‘आमच्या मुलांशी एकदा येऊन बोला’ असा त्यांनी लकडा लावला होता. जायचं ठरल्यावर मला आठवलं, की माझा एक जुना विद्यार्थी, जयेश, तिकडचाच. मुरबाड तालुक्यातला, टोकावड्याच्या आत एका लहानशा वाडीवरचा. हुशार आणि अबोल पोरगा. वर्गात प्रश्न विचारला की उत्तर याला येतंय हे याच्या डोळ्यांत दिसायचं, पण तोंडातून काढायला मला सांडशी लागायची. शिकून तो पुण्यातल्याच एका कंपनीत लागला होता आणि गेल्या पावसाळ्यापासून घरूनच काम करतो, एवढं माझ्या कानावर होतं. मी मेसेज केला. उत्तर यायला दोन दिवस लागले आणि तेही ‘या मॅडम’ एवढंच. मात्र त्याच्या वडिलांचा, काशिनाथदादांचा, लगेच फोन आला. उतरायचं आमच्याच घरी, शेणव्याला जया मोटारसायकलवरून नेईल, दुसरीकडे गेलात तर आम्हाला राग येईल, असं त्यांनी एका दमात सांगून टाकलं.

वैशाखरे

आळेफाट्याहून कल्याणची एसटी धरली. घाट उतरेपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग मी माझ्या विषयाला शोभेल असा मूर्खपणा केला. टोकावडे कधी येईल हे कंडक्टरला विचारायचं सोडून फोनमधल्या नकाशाला विचारलं. नकाशावरचा निळा ठिपका घाटात रेंज गेल्यापासून मुसळासारखा एका जागी उभा होता, तो खाली आल्यावर एकदम उडी मारून थेट टोकावड्याच्या नावावर जाऊन बसला. मी ओरडून गाडी थांबवली. गाडी गेली आणि समोरच्या पाटीवर वाचलं, वैशाखरे.

रस्त्याकडेला एक चहाचं हॉटेल होतं. मालक पन्नाशीचा, डोक्याला मफलर बांधलेला. त्याने चहा दिला, वर गरम भजी दिली आणि टोकावडं अजून पुढं राहिलं असं सांगून माझी कीव केली. मी जयेशला फोन लावत होते. तो उचलत नव्हता. कुणाकडे जायचंय, असं हॉटेलवाल्याने विचारलं. मी नाव सांगितलं.

“काशिनाथदादाचा जया? कंप्युटरवाला?” तो म्हणाला. “मंग नाय उचलनार आता. या टायमाला त्याची मीटिंग असते.”

मला हसू आलं आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटला. पुण्यात माझे शेकडो विद्यार्थी अशा मीटिंगांमध्ये दिवस काढतात आणि त्यांच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये ते कुणाला माहीत नसतं. इथे रस्त्याकडेच्या चहावाल्याला माझ्या विद्यार्थ्याचं वेळापत्रक पाठ होतं. त्याने मला एका टमटममध्ये बसवून दिलं आणि टमटमवाल्याला बजावलं, मास्तरीणबाई हायत, नीट उतरव.

टोकावडे

काशिनाथदादा फाट्यावर उभे होते. उंच, काटक माणूस, आवाज खणखणीत. माझी बॅग त्यांनी खांद्यावर टाकली आणि शेतांच्या बांधावरून आम्ही चालायला लागलो. भात कापून झालं होतं. रिकाम्या खाचरांत कुठे वाल पेरला होता, कुठे भाताच्या भाऱ्यांची उडवी रचलेली. दादा वाटभर बोलत होते. यंदाचं भात, रानडुकरं, जयाच्या लहानपणीच्या खोड्या. वाडीच्या तोंडाशी एक मोठं चिंचेचं झाड आहे, तिथे आलो आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. मला वाटलं, घसा बसला. पण ते कुजबुजत म्हणाले, “आता जरा हळू. वर चालू हाय.”

वाडी दहा-बारा घरांची. मी अशी शांत वाडी कुठे पाहिली नाही. बाया हातवारे करून बोलत होत्या. एका अंगणात कोंबडा मोठ्या टोपलीखाली झाकलेला होता आणि टोपलीवर दगड ठेवला होता. भात झोडण्याचं खळं खरं तर घरांच्या मागेच असायचं, पण धपधप आवाज होतो म्हणून यंदा सगळ्यांनी मिळून ते लांब ओढ्यापलीकडे नेलं होतं. भारे डोक्यावरून तिथवर वाहायचे आणि भात परत आणायचं. हे मला जयेशच्या आईने, ताराबाईंनी, घरात नेऊन पाण्याचा तांब्या देताना सांगितलं, तेही कानाशी लागून. त्यांच्या सांगण्यात तक्रार नव्हती. आमच्या सोसायटीत मी ऑनलाइन तास घ्यायला बसले की वरच्या मजल्यावर ड्रिल मशीन सुरू होतं, आणि विनंती केली तर ते गृहस्थ मला नियम दाखवतात. मी त्या माउलीकडे बघतच राहिले.

माळ्यावरून जयेशचा आवाज येत होता. इंग्रजीत. “येस, येस. आय विल चेक. शुअर.” मध्ये थांबायचा, पुन्हा “येस” म्हणायचा. ताराबाई मान वर करून ऐकत होत्या. एक शब्द कळत नव्हता, पण चेहऱ्यावर समाधान होतं.

मला तेव्हा माझी आई आठवली. ती मला नेहमी विचारायची, दिवसभर बसून तू नक्की करतेस काय? तिच्या ओळखीच्या सगळ्या कामांना आवाज होता. जातं, उखळ, शिवणाचं यंत्र, वडिलांची छापखान्यातली खडखड. माझ्या कामाला आवाज नाही, वास नाही, हाताला घट्टे नाहीत. बाहेरून पाहणाऱ्याला खुर्चीत बसलेला माणूस दिसतो, बस. या वाडीने त्यावर आपल्यापुरता तोडगा काढला होता. काम दिसत नाही ना, मग त्याच्याभोवती सगळ्यांनी मिळून शांतता धरायची, म्हणजे ते आहे हे कळतं.

उन्हं कलल्यावर जयेश शिडीवरून उतरला. तो उतरताच अंगणात कुणीतरी टोपली उचलली आणि वाडीत एकदम आवाज सुटले, हाका, भांडी, कुत्री. जयेश वाकून पाया पडला. खूप वाळला होता. नाका-तोंडापेक्षा डोळेच जास्त दिसत होते. रात्री तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं आणि भाजलेलं सुकट होतं. मी पुणेरी संकोच गुंडाळून ठेवून दोनदा वाढून घेतलं, तो मात्र अर्ध्या भाकरीशी खेळत बसला होता.

जेवायच्या आधी एक लहानशी गोष्ट घडली होती. तुझं ऑफिस दाखव म्हणून मी माळ्यावर चढले होते. चढताना शिडीच्या वरच्या पायरीवर माझी साडी अडकली, फाटली, आणि सगळे माझ्या फाटलेल्या काठाची हळहळ करत असताना माझी नजर लॅपटॉपच्या पडद्यावर गेली. त्यावर प्रोग्राम होता तो मी ओळखला. कसा नाही ओळखणार? दुसऱ्या वर्षाच्या मुलांना दर वर्षी मीच तो घालते. एकमेकांचे हात धरून उभ्या असलेल्या मुलांची रांग आहे, प्रत्येकाला फक्त पुढच्याचा हात माहीत आहे, तर ती रांग उलटी कशी करायची? नोकरी करणाऱ्या माणसाला याची गरज पडत नाही. मी गमतीने म्हटलं, काय रे, अजून नापास झाल्याची स्वप्नं पडतात की काय? त्याने लॅपटॉप मिटला आणि हसल्यासारखं केलं. मी माझा फोन पाहिला. माळ्यावर रेंजची एकसुद्धा रेघ नव्हती. त्यावर मी काही बोलले नाही, पण झोप लवकर लागली नाही.

सकाळी चुलीपाशी ताराबाईंबरोबर शेजारच्या हौसाकाकू चहाला आल्या. चाळिशी उलटलेल्या, विधवा, कपाळ मोकळं. दिवाळीनंतर त्यांची आई वारली होती, भागीबाय. उद्या तिचा महिना घालायचा होता. वाडी जयेशला आपला मानते त्याचं मूळ या भागीबायमध्ये होतं. ताराबाई पोटची लेकरं एकामागून एक गेल्यावर उशिरा बाळंत झाल्या, आजारी पडल्या, तेव्हा त्याला वर्षभर भागीबायनेच कमरेवर वागवलं. पुढे शाळेत जाताना ओढ्याला पाणी असलं की तीच खांद्यावर घेऊन पलीकडे सोडायची. म्हातारपणी नजर गेली, तरी जयाचं पाऊल अंगणात वाजलं की तिला कळायचं.

इकडे मयताला बाया नुसत्या रडत नाहीत, बोलून रडतात. गेलेल्या माणसाशी बोलतात. तुला काय आवडायचं, तू काय सोसलंस, तुझ्यामागं घरात काय राहिलं, कुणाचं लग्न ठरलं, कोणती गाय गाभण आहे, अशा घरच्या सगळ्या बातम्या त्याला रडत सांगून मग त्याला जाऊ देतात. हे हौसाकाकूंनी मला समजावून सांगितलं, कारण मी विचारलं होतं की आमच्याकडे मंत्र सांगायला गुरुजी असतात तसं तुमच्याकडे काय असतं. मग तुम्ही आईला काय काय सांगितलंत, असं मी पुढे विचारलं.

“आमी नाय रडलो,” त्या म्हणाल्या. “आय दुपारच्याला गेली. वर जयाची मीटिंग चालू व्हती. परदेशची लोकं ऐकतात म्हने तिकडं. मंग मीच सगल्या बायांना सांगलं, कोनी आवाज नका काढू. तोंडात पदर घातले नि नेली.”

ताराबाईंनी चुलीत लाकूड सारलं. जया नंतर उतरून धावत गेला व्हता, त्या म्हणाल्या, पण तवर ओढ्यापलीकडं चिता पेटली व्हती. हौसाकाकू जयेशचीच बाजू घेत होत्या. त्याचा काय दोष, मीटिंग मधेच कशी सोडणार, नोकरी म्हणजे नोकरी. आयलाही चाललं असतं, तिचाच तर लाडका. असं म्हणून त्यांनी कपबशी धुवायला घेतली.

शेणवा

सरळगाव, किन्हवली करत मोटारसायकल शेणव्याला पोचेस्तोवर जयेश एकच वाक्य बोलला. रस्ता सुंदर आहे. सागाची मोठी पानं गळून रस्त्यावर पडलेली, चाकाखाली ती पापडासारखी मोडतात. लांब माहुलीचे सुळके दिसतात. एका वळणावर म्हशींचा कळप आडवा आला, थांबावं लागलं, तेव्हा मी विचारलं, कंपनी बरी चालली आहे ना? तो म्हणाला, म्हशी आहेत मॅडम, हॉर्न नको वाजवायला.

शाळेत मुलं स्वच्छ कपड्यांत रांगेने बसली होती. मी माझं नेहमीचं भाषण केलं. रांगोळीचे ठिपके आणि संगणकाचा पडदा, आजीची गोधडी आणि प्रोग्राम, असले दाखले मी देते आणि मुलं हसतात. शेवटी एका दोन वेण्यांच्या मुलीने उभं राहून विचारलं, “मॅडम, आता मशीनच प्रोग्राम लिवतं ना? मंग आमी शिकून काय करायचं?”

हा प्रश्न मला हल्ली सगळीकडे विचारतात आणि माझ्याकडे त्याचं घोटून तयार केलेलं उत्तर आहे. यंत्र हे हत्यार आहे, विचार माणसाचाच राहणार, पाया पक्का असला की भिण्याचं कारण नाही. मी ते म्हणून दाखवलं. बाईंनी टाळ्या वाजवायला सांगितलं. मागच्या बाकावर जयेश बसला होता, तो टाळ्यांच्या आधीच उठून बाहेर गेला.

परतताना त्याने एका ओढ्याच्या पुलापाशी गाडी थांबवली. खाली थोडं पाणी होतं, बाया धुणं धूत होत्या. कठड्यावर बसून तो बोलायला लागला, आणि एकदा लागल्यावर थांबला नाही. त्याची नोकरी पावसाळ्यातच गेली होती. त्याच्या सगळ्या गटाला एका कॉलवर बोलावलं, एक अनोळखी बाई गोड आवाजात बोलली, आणि कॉल संपला तेव्हा लॅपटॉपवर कंपनीचं काहीच उघडत नव्हतं. त्यांचं काम आता मशीन करणार होतं. तो गावी आला तेव्हा वडिलांनी विचारलं, सुट्टी काढलीस? आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, नाही, घरून काम आहे. दुसऱ्या दिवशी सगळ्या वाडीला माहीत झालं होतं. तिसऱ्या दिवशी खळं हलवायची भाषा सुरू झाली.

मी विचारलं, मग तू वर बसून करतोस काय?

“तुमच्या असाइनमेंट,” तो म्हणाला. “पयल्यापासून. संपल्या की पुसतो नि परत लिवतो. मला दुसरं काय येतं?”

आणि ते इंग्रजी? ते तो खालच्या माणसांसाठी बोलायचा. मध्ये थांबायचं, ऐकल्यासारखं करायचं, पुन्हा येस म्हणायचं. सांगायचं त्याने अनेकदा ठरवलं होतं. दिवाळी झाली की नक्की सांगू, असं पक्कं केलं होतं. मग दिवाळी झाली आणि भागीबाय गेली.

“मी वर बसलो व्हतो,” तो म्हणाला. माझ्याशी तो नेहमी पुस्तकी मराठीत बोलतो, पण आता त्याची घरची भाषा आपोआप येत होती. “कौलाच्या फटीतनं बघत व्हतो. काकूनं तोंडात पदर घातला. सगल्या बाया तशाच. मयत उचलली नि कोनी हूं का चूं केलं नाय. माज्या कानाला हेडफोन. त्यात काय नव्हतं मॅडम. कायसुदीक नव्हतं.”

तेव्हा उतरला का नाहीस, हे मी विचारलं नाही. उतरला असता तर कळलं असतं, की मधेच उतरता येत होतं. आणि एकदा ती गेल्यावर सांगायचं, तर काय सांगायचं? नोकरी गेली हे कुठल्याही घरी सांगता येतं. तुम्ही ज्याच्यासाठी आपल्या आईला न रडता पोचवलंत ते कधी नव्हतंच, हे सांगायला जीभ कुठून आणायची? मला वाटतं, मी त्याच्या जागी असते तर मीही प्रोग्राम पुसून पुन्हा लिहीत बसले असते. प्रोग्राममध्ये चूक निघाली तर दुरुस्त करून तो पहिल्यापासून चालवता येतो. तीसेक वर्षं मी मुलांना हेच शिकवलं, चुकायला घाबरू नका, पुन्हा चालवून बघा. मयत पुन्हा काढता येत नाही.

मग त्याने मला हात जोडले. कुठेही लावा मला, कसलंही काम चालेल, खरी मीटिंग एकदा सुरू झाली की सांगायची वेळच येणार नाही. मी म्हणाले, मी दहा जणांना विचारीन, वचन देत नाही, दिवस वाईट आहेत. ते खरंच होतं. आणि मी म्हणाले, नोकरी मिळाली तर तुझं भागेल, पण हौसाकाकूंचं काय? मी त्याला सांग म्हणाले नाही, सांगू नको म्हणाले नाही. प्राध्यापक म्हणून मी इतकी बिनकामाची कधी वाटले नव्हते मला. पुलावर गार वारा सुटला होता. घरी जायला हवं, असं म्हणून आम्ही निघालो.

परत टोकावडे

महिन्याचं जेवण दुसऱ्या दिवशी दुपारी होतं. हौसाकाकूंच्या अंगणात माहेरच्या, सासरच्या बाया जमल्या होत्या. वड्यांचा, खिरीचा वास सुटला होता. नैवेद्याचं पान पाटावर मांडलं, शेजारी भागीबायची काठी आणि तिचं हिरवं लुगडं घडी करून ठेवलं होतं. पाहुण्यांतल्या एक-दोघी म्हाताऱ्या डोळे पुसत गुणगुणल्यासारख्या सुरात काही बोलू लागल्या, तशा ताराबाई लगबगीने उठल्या आणि त्यांना हाताने खुणावलं. जरा दमानं, जयाचा टाइम झालाय. कुणीतरी कोंबड्यावर टोपली टाकली. म्हाताऱ्या गप्प झाल्या. मी जयेशकडे पाहिलं. तो आपल्या घराच्या दारात, शिडीला हात लावून उभा होता.

“जया, चढ ना रे,” काशिनाथदादा हळू आवाजात म्हणाले. “तुझी लोकं थांबली असतील.”

जयेश चढला नाही. तो ओटा उतरून हौसाकाकूंच्या अंगणात आला आणि मधोमध उभा राहिला. नेहमी कुजबुजल्यासारखं बोलणारा हा मुलगा, पण वाडी इतकी शांत होती की त्याचं बोलणं शेवटच्या घरापर्यंत गेलं असेल.

“बाबा, मीटिंग नाय. नोकरी पावसातच गेली. तवापासून एक पन मीटिंग नाय.”

काशिनाथदादांना आधी कळलंच नाही. त्यांनी वर माळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, आणि त्यांना कळलं. ताराबाई होत्या तिथे खाली बसल्या. हौसाकाकू नैवेद्याच्या पानापाशी होत्या, त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या होता.

“आय गेली तवा?” त्यांनी विचारलं.

“तवा पन नव्हती काकू.”

काकूंनी तांब्या खाली ठेवला. मला वाटलं, आता त्या याला काहीतरी लागेल असं बोलतील, आणि माझ्या मनात आलं की बोलू देत, त्याला तेच हवं आहे. पण त्या बोलल्या नाहीत. त्यांनी ते हिरवं लुगडं उचललं, मांडीवर घेतलं, आणि पोटातून एक आवाज काढला. तो मी कधी विसरणार नाही.

“आये गो...”

महिनाभर दाबलेलं ते रडं होतं. आये गो, तुला मुकी नेली गो, तुझ्या लेकीनं तोंड दाबलं गो. बायांनी वर्तुळ केलं, एकमेकींच्या गळ्यात हात टाकले आणि सगळ्यांनी सूर धरला. त्या रडत बोलत होत्या, बोलत रडत होत्या. नजर गेल्यावर भागीबाय वाटाणे कसे बोटांनी सोलायची ते आलं, तिचा नवरा, तिची मेलेली पोरं, ओढ्याचं पाणी. आवाज डोंगरावर जाऊन परत येत होता. खळ्यावरची माणसं ओढा ओलांडून धावत आली.

माझी आई पुण्याच्या हॉस्पिटलात गेली. खाली काउंटरवर सह्या, फोनवर जोडलेल्या हातांची चित्रं, आणि घरी आल्यावर भिंतीपलीकडच्यांना त्रास नको म्हणून उशीत तोंड. आमच्याकडे तेच सभ्य मानतात. मला त्या बायांची भाषा निम्मी कळत नव्हती, पण ताराबाईंनी मला हाताला धरून वर्तुळात ओढलं आणि मी माझ्या आईसाठी मोठ्याने रडले. फार बरं वाटलं आणि फार वाईट वाटलं.

गेलेल्या माणसाला घरच्या बातम्या सांगतात, असं काकूंनी मला सांगितलं होतंच. गाय व्याली, वाल उगवला, धाकट्या भाचीचं ठरलं, असं सगळं सांगत काकू पुढे गेल्या आणि मग त्यांचा सूर पुन्हा वर चढला.

“तुझ्या जयाची नोकरी गेली गो आये... कोनाला बोलला नाय गो... एकला बसला माळ्यावर, कोन नव्हतं गो त्याच्याशी बोलाया... तू असतीस तर पावलावरनं वलखलं असतंस गो आये...”

आणि सगळ्या बायांनी तेही उचललं. जया रे, तुझी नोकरी गेली रे. ज्या कंपनीत तो दिवसरात्र राबला तिथे कुणाला त्याचं नावही आता आठवत नसेल. इथे ती बातमी एका मेलेल्या म्हातारीला हुंदके देत सांगितली जात होती, तिच्या पोरांच्या मरणाच्या बरोबरीने.

जयेश अंगणात उभा होता तसाच होता. ओठ आवळलेले, मुठी आवळलेल्या. काशिनाथदादा त्याच्यापाशी गेले. मला धास्ती वाटली. त्यांनी पोराची मान हाताने धरली आणि आपल्या खांद्यावर टेकवली.

“रड रे मोठ्यानं,” ते म्हणाले. “आता कोन ऐकत नाय.”